तोल आणि पीळ

इंजिनाच्या पुढच्या टोकाला, पंख्याच्या मागे, क्रँकशाफ्टच्या नाकावर एक जाड लोखंडी चकती बसवलेली असते. दिसायला ती पुलीसारखीच. पण नुसत्या पुलीला एवढ्या वजनाची गरज नसते. अमेरिकेत तिला सर्रास 'हार्मोनिक बॅलन्सर' म्हणतात. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत 'टॉर्शनल व्हायब्रेशन डँपर' असे लांबलचक नाव सापडते. आपल्याकडच्या ट्रक गॅरेजात 'डँपर' म्हणावे, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाळू वाहणारा डंपर उभा राहतो. म्हणून फिटर मंडळी बहुधा 'पुढची पुली' असे म्हणूनच भागवतात. या तीन नावांपैकी मधलेच तेवढे खरे आहे. 'पुली' निदान निरुपद्रवी आहे. 'बॅलन्सर' मात्र सरळ दिशाभूल करते, कारण इंजिनाचा तोल सांभाळणे हे या चकतीचे काम नव्हेच. काही अमेरिकन व्ही-आठ इंजिनांत तोलासाठीचे जास्तीचे वजन याच चकतीवर चढवलेले असते, हे खरे. पण ते वजन तिथे पाहुणे म्हणून आलेले असते, घरधनी म्हणून नव्हे.

एका सुट्या भागाच्या नावावरून एवढा खल कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या नावात मोटारीच्या इतिहासातली एक जुनी आणि महागडी गफलत जशीच्या तशी जपली गेली आहे. इंजिनाचा तोल नीट साधला की क्रँकशाफ्ट सुखरूप राहील, असे विसाव्या शतकाच्या आरंभी फार हुशार माणसांना वाटत होते. त्या समजुतीपायी शाफ्ट मोडले. आणि आज अमेरिकेत जुन्या डिझेल पिकअपचे मालक आपल्या गाडीला बाजारातला नवा डँपर बसवावा की नाही यावर वाद घालतात, तेव्हा निम्मा वाद त्याच समजुतीभोवती फिरत असतो.

आधी पिकअप म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे पिकअप म्हटले की भाजीच्या पाट्या आणि दुधाचे कॅन वाहणारी छोटी गाडी आठवते. अमेरिकेतली डिझेल पिकअप हे निराळेच प्रकरण. मागे उघडा हौदा, पुढे चार-पाच माणसांची केबिन, आणि त्यामागे जोडलेला, घोड्यांचा किंवा बोटीचा, कित्येक टनांचा ट्रेलर. १९८९ सालच्या मॉडेलपासून डॉज कंपनीने आपल्या मोठ्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर, दट्ट्याची धाव १२० मिलिमीटर, ताकद १६० अश्वशक्ती आणि ती मिनिटाला २५०० फेऱ्यांवर. हे इंजिन मूळचे पिकअपचे नव्हेच. कमिन्सने ते जे. आय. केस या शेतीच्या व बांधकामाच्या यंत्रांच्या कंपनीबरोबर मिळून बनवले होते. ट्रक, ट्रॅक्टर, जनित्रे, खोदाईयंत्रे अशा सावकाश पण दिवसभर राबणाऱ्या कामांसाठी. म्हणूनच पिकअपच्या पोटात ते अतिशय टिकाऊ ठरले. पहिल्या तुकडीच्या गाड्या आज पस्तिशी ओलांडून गेल्या तरी रस्त्यावर आहेत.

या इंजिनाचे सहाही सिलिंडर एका रांगेत असतात आणि रांगेतल्या सहा सिलिंडरांची एक खुबी आहे. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा दट्ट्या जोडीने वरखाली होतात. तिन्ही जोड्या एकमेकींपासून फेरीच्या एकतृतीयांश अंतरावर. त्यामुळे वर जाणाऱ्या वजनाचा धक्का खाली येणाऱ्या वजनाने जवळजवळ पूर्ण फिटतो. चार सिलिंडरी इंजिनात जे थरथरणे उरते ते इथे उरत नाही. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून दाखवण्याचे जुने विक्रीतंत्र याच गुणावर चालत असे. तोलाच्या दृष्टीने पाहिले तर या मांडणीत काही दुरुस्त करण्यासारखे शिल्लकच नाही.

पण सहा सिलिंडर रांगेत मांडायचे तर शाफ्ट लांब हवा. आणि लांब शाफ्टला पीळ पडतो.

धुतलेले धोतर पिळताना एक टोक एकाने घट्ट धरावे आणि दुसरे टोक दुसऱ्याने फिरवावे, तसे इथे घडते. मागच्या टोकाला जड गतिचक्र, म्हणजे फ्लायव्हील, असते. ते आपला वेग सहजासहजी बदलू देत नाही. पुढचे टोक मोकळे. मधल्या सहा कोपरांवर दट्टे आळीपाळीने ठोसे देतात. प्रत्येक ठोशासरशी पोलादी शाफ्ट अंशाच्या अल्पशा भागाने पिळला जातो आणि लगेच उलट फिरून पूर्ववत होतो. पोलाद आहे, सुंभ नव्हे; पीळ पडला तसा सुटलाही पाहिजे. सुटताना मात्र तो मूळ जागी थांबत नाही, थोडा पलीकडे जातो, पुन्हा परततो. हे कंपन बाहेरून जाणवत नाही. इंजिन हलत नाही, केबिन थरथरत नाही, बॉनेटवरचा पेला स्थिर राहतो. शाफ्ट आपल्याच अक्षाभोवती, फिरता फिरता, मागेपुढे शहारत असतो.

ओटीवरच्या झोपाळ्याला योग्य वेळी बोटाने ढकलत राहिले तरी तो उंच जातो, हे आपण सगळे जाणतो. प्रत्येक शाफ्टलाही स्वतःची एक लय असते. ठोशांची लय तिच्याशी जुळली की शहारणे वाढत जाते. भौतिकीत याला अनुस्पंदन म्हणतात. समजण्यापुरता एक हिशेब मांडतो. समजा शाफ्टची स्वतःची लय सेकंदाला २०० कंपनांची, म्हणजे मिनिटाला १२,००० ची आहे. सहा सिलिंडरी, चार-धावी इंजिनात प्रत्येक फेरीत तीन स्फोट होतात. तेव्हा इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरले की स्फोटांची लय आणि शाफ्टची लय एक झाली. २००० फेऱ्यांवर स्फोटांच्या ठोक्यांतली दुप्पट लय, जी सौम्य असते पण असतेच, तीही जुळते. म्हणजे धोका एकाच वेगावर नसतो. तो पायऱ्यांसारखा वेगवेगळ्या वेगांवर असतो, आणि त्यातली सर्वांत वाईट पायरी बहुधा नेहमीच्या वापराच्या वर असते. कारखान्यातला अभियंता इंजिनाचा कमाल वेग ठरवतो तेव्हा त्या पायरीच्या खाली राहण्याचा प्रयत्न करतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पिकअपच्या वादाचे मूळ इथेच आहे.

इंग्लंडमध्ये नेपियर कंपनीने १९०४ च्या सुमारास सहा सिलिंडरी मोटार बाजारात आणून यशस्वी करून दाखवली. तिचा प्रचारक सेल्विन एज हा शर्यती जिंकणारा आणि शब्दांचा सौदागर. त्या गाडीच्या इंजिनातून ठरावीक वेगाला एक खडखडाट येई. तो शाफ्टच्या पिळाचा होता. एजने त्याला 'पॉवर रॅटल', म्हणजे ताकदीचा खडखडाट, असे नाव देऊन तो दोष गुणासारखा विकला अशी त्याची ख्याती आहे. हेन्री रॉइसलाही आपल्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी गाडीत शाफ्ट मोडण्याचा अनुभव आला. रॉइस हा एजच्या अगदी उलट स्वभावाचा. त्याने नाव दिले नाही, उपाय शोधला. १९०६ च्या '४०/५०' गाडीसाठी, जी पुढे सिल्व्हर घोस्ट म्हणून गाजली, त्याने शाफ्टची मांडणी बदलून तो जाड केला. शाफ्टच्या पुढच्या टोकाला घर्षणाने घसरणारे एक छोटे चाकही रोल्स-रॉइसने वापरात आणले.

याच कल्पनेचे पेटंट १९१० च्या सुमारास फ्रेडरिक लँचेस्टरने घेतले. श्रेय रॉइसचे की लँचेस्टरचे, हा वाद दोघांच्या अभिमान्यांत शंभर वर्षे चालू आहे. माझे मत विचाराल तर रॉइसला आपल्या गाडीचा दोष काढायचा होता आणि लँचेस्टरला दोषाचे कारण समजून घ्यायचे होते. ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दोन्ही लागतात.

लँचेस्टरविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून थोडे थांबतो. जन्म १८६८, मृत्यू १९४६. इंग्लंडमधली अगदी सुरुवातीची संपूर्ण देशी पेट्रोल मोटार त्याने १८९५-९६ मध्ये बनवली. पदवी त्याने घेतली नव्हती. विमान उडते कसे यावर १९०७ आणि १९०८ मध्ये दोन ग्रंथ लिहिले. सैन्याच्या संख्येचा वर्ग आणि लढाईचा निकाल यांचे गणित त्याच्याच नावाने ओळखले जाते. १९०९ पासून तो कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीचा सल्लागार होता, आणि त्या कामातूनच त्याच्या हातून एकमेकांशेजारी दोन शोध लागले. पहिला हा डँपर. शाफ्टच्या मोकळ्या टोकावर एक दुसरे छोटे चाक, पण पक्के जोडलेले नाही. मध्ये चकत्या आणि तेल. शाफ्ट संथ फिरत असेल तर चाकही त्याच्याबरोबर फिरते. शाफ्ट शहारला की चाकाची जडता त्या शहारण्यात सामील व्हायला नकार देते, दोघांत घसरण होते, आणि पिळाची ऊर्जा तेलात उष्णता होऊन विरते. चकती उगाच जड नसते, ते यासाठी.

दुसरा शोध चार सिलिंडरी इंजिनासाठी. त्यात दट्ट्यांच्या वरखाली होण्याचा तोल पुरता साधत नाही. दुप्पट लयीची थरथर उरते. लँचेस्टरने इंजिनाच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या दोन वजनदार दांड्या घालून ती मारली. या रचनेला त्या काळी नाव मिळाले 'हार्मोनिक बॅलन्सर'. ते नाव तिथे शोभते, कारण तिथे खरोखरच तोल साधायचा होता. सत्तरच्या दशकात जपानच्या मित्सुबिशीने हीच कल्पना पुन्हा उचलून नावारूपाला आणली. म्हणजे एकाच माणसाने तोलाचा उपायही दिला आणि पिळाचा उपायही; दोन्ही वेगळे ठेवले. पुढच्या पिढ्यांनी पहिल्याचे नाव दुसऱ्याला चिकटवून टाकले. लँचेस्टर उतारवयात आजारी आणि जवळजवळ निर्धन होता. हयात असता तर या नावावर त्याने खरमरीत पत्र लिहिले असते, एवढे त्याच्या स्वभावावरून म्हणता येते.

जहाजांच्या दुनियेत हाच प्रश्न आधीच पोचला होता. हॅम्बुर्गच्या हेरमान फ्राम याने १९०२ मध्ये जहाजांच्या लांब शाफ्टमधल्या पिळाची मोजमापे प्रसिद्ध केली. पुढे १९२१ मध्ये हाइन्रिश होल्त्सर याने बर्लिनहून एक पुस्तक काढले, त्यात पिळाची लय कागदावर काढण्याची रीत होती. ही रीत मला फार आवडते, कारण तिला मोठे गणित लागत नाही. शाफ्टचे तुकडे पाडायचे: डँपर, सहा कोपरे, गतिचक्र, आठ ओळींचा तक्ता. एक लय अंदाजाने धरायची, पहिल्या ओळीपासून पीळ मोजत शेवटच्या ओळीपर्यंत यायचे. शेवटी बाकी शून्य उरली तर अंदाज बरोबर, नाही तर दुसरी लय धरून पुन्हा पहिल्यापासून. मी वहीत असा तक्ता मांडून पाहिला आहे. शाळेतल्या लांबलचक भागाकाराइतकाच तो कंटाळवाणा आणि तितकाच खात्रीचा आहे. संगणक येईपर्यंत जगभरचे इंजिनवाले याच तक्त्यावर जगले.

तक्ता असूनही डिझेल इंजिनाने घोटाळा केलाच. डिझेलमध्ये इंधन दाबाच्या उष्णतेने पेट घेते. दाब जास्त, ठोसा जड, म्हणून पीळही जास्त. याचे एक उदाहरण आपल्या इतिहासाला स्पर्श करून जाते. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारने साम्राज्य जोडण्यासाठी महाकाय वायुयाने बांधायला घेतली. त्यातले आर-१०१ हिंदुस्थानात येणार होते, कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि तिथे त्या वायुयानासाठी प्रचंड शेड उभारलेली होती. उष्ण प्रदेशात पेट्रोल वाहणे धोक्याचे म्हणून त्याला डिझेल इंजिने दिली: बियर्डमोर कंपनीची पाच, प्रत्येकी आठ सिलिंडर एका रांगेत. आठ सिलिंडर म्हणजे शाफ्ट आणखी लांब. प्रत्येक इंजिनाकडून ७०० अश्वशक्तीची अपेक्षा होती. पण मिनिटाला ९५० फेऱ्यांच्या वर पिळाचे अनुस्पंदन सुरू होई, म्हणून वेग त्याखालीच रोखावा लागला आणि सतत मिळणारी ताकद ५८५ अश्वशक्तीवर थांबली. शिवाय इंजिने ठरवलेल्या वजनाच्या दुपटीहून जड झाली.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी आर-१०१ इंग्लंडहून निघाले. त्याच रात्री, ५ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास, फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटले. चोपन्नपैकी अठ्ठेचाळीस माणसे गेली. त्यांत ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसनही होते. अपघात इंजिनाने घडवला नाही. चौकशीत बोट पुढच्या भागातून निसटलेल्या वायूकडे दाखवले गेले. पण जे यान आधीच वजनाने भारी होते, त्याला पिळामुळे बांधून घातलेली इंजिने ओढत होती, हेही खरेच. चौकशीचे प्रमुख होते सर जॉन सायमन. दोनच वर्षांपूर्वी ज्यांना आपल्या लोकांनी काळे झेंडे दाखवून परत जायला सांगितले होते, तेच.

लँचेस्टरच्या डँपरात एक उणीव होती. साधे तेल तापले की पातळ होते, आणि पातळ तेल पुरेसे अडवत नाही. म्हणून मधल्या काळात रबराने बाजी मारली. शाफ्टला जोडलेला तुंबा, त्याभोवती रबराचा पट्टा, त्याभोवती जड कडे. रचना स्वस्त आणि सुटसुटीत. पण रबराचा डँपर तंबोऱ्याच्या तारेसारखा एका लयीला जुळवलेला असतो. ज्या शाफ्टसाठी, ज्या गतिचक्रासाठी, ज्या वेगासाठी तो जुळवला, तिथे तो उत्तम काम देतो. बाकी ठिकाणी कमी.

तेलाची उणीव भरून काढली ती एका भलत्याच शाखेने. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंगने सिलिकॉनच्या संयुगांवर उभे आयुष्य घालवले आणि १९३७ च्या व्याख्यानात, यातून लवकर काही उपयोगाचे निघेल अशी फारशी आशा दिसत नाही, असा सूर लावला. सहा वर्षांत, १९४३ मध्ये, अमेरिकेत केवळ या पदार्थांसाठी डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली. सिलिकॉनचे तेल मधापेक्षा कितीतरी दाट बनवता येते आणि तापल्यावर त्याचा दाटपणा साध्या तेलाच्या मानाने फार कमी बदलतो. युद्ध संपल्यानंतर न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात हुडाय कंपनीने हेच तेल भरून बंद डबीचा डँपर काढला: बाहेर कवच, आत मोकळे फिरणारे जड कडे, दोघांत मिलिमीटरच्या अंशाएवढी फट आणि त्या फटीत सिलिकॉन. कल्पना लँचेस्टरचीच, फक्त तेल नवे. आज अमेरिकेत जुन्या पिकअपसाठी विकला जाणारा 'फ्लुइडँपर' हा त्याच घराण्यातला, बफेलोजवळच्याच गावचा. दुसऱ्या पंथाचे लोक रबराच्या कड्या वेगवेगळ्या कठीणपणाच्या घालून जुळवणी बदलता येणारे पोलादी डँपर विकतात.

आपल्याकडे हा विषय अपरिचित राहिला याचे कारण साधे आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांनी डिझेल इंजिन पाहिले ते विहिरीवरच्या पंपाचे. एक सिलिंडर, आखूड शाफ्ट, शेजारी भले मोठे चाक. तिथे पीळ पडायला लांबीच नाही. किर्लोस्कर-कमिन्स १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झाली तेव्हापासून बहुसिलिंडरी मोठी इंजिने इथे बनू लागली, पण ती जनित्रांच्या आणि खाणींच्या कामी गेली. लोकांच्या नजरेला पडली नाहीत. डॉजच्या पिकअपमधले ५.९ लिटरचे इंजिन मात्र आपणही रोज ऐकत आलो. १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स यांनी जमशेदपूरला भागीदारीत कारखाना काढला, आणि त्याच कुळातली सहा सिलिंडरी इंजिने टाटाच्या ट्रकांत आली. फरक असा की, इथे ते इंजिन ऊस आणि सिमेंट वाहते; तिथे त्याला हौस चिकटली.

हौस म्हणजे ताकद वाढवण्याची. जुन्या यांत्रिक पंपाचे हे इंजिन त्या बाबतीत फार सोशिक. इंधन वाढवा, मोठे इंजेक्टर घाला, टर्बो बदला. १६० ची ताकद दुपटीच्या वर नेणे अवघड नाही. इथपर्यंत ठोसा जड झाला, लय तीच राहिली. खरी गडबड गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलल्या की होते. कारखान्याने अडीच-पावणेतीन हजार फेऱ्यांवर लावलेला लगाम काढून लोक साडेतीन-चार हजारांपर्यंत जातात. म्हणजे कारखान्यातल्या अभियंत्याने ज्या पायरीच्या खाली राहण्याची काळजी घेतली, तिच्यावर मालक जड ठोसा घेऊन चढतो. आणि पुढे शाफ्टच्या नाकावर असतो मूळचा रबरी डँपर: कमी वेगासाठी जुळवलेला, आणि वयाने कदाचित चालवणाऱ्यापेक्षाही मोठा.

अशा गाडीत चांगला डँपर बसवणे ही चैन नव्हे. ज्या गाडीचे इंजिन मूळ स्थितीत आहे, लगाम जागेवर आहे, तिथे मात्र महागड्या डँपरने ताकद वाढेल, इंधन वाचेल, इंजिन मऊ चालेल, या जाहिरातींवर मी विश्वास ठेवणार नाही. तिथे जुने रबर बदलून मूळच्यासारखाच नवा डँपर घातला की पुरे. पण सर्वांत घातक मत तिसरेच, आणि ते 'बॅलन्सर' या नावातून आले आहे: हे इंजिन तर आतूनच तोललेले आहे, मग पुढचे ओझे काढून टाकले तर बिघडले काय? तोलाचे काहीच बिघडत नाही. पेला पूर्वीइतकाच स्थिर राहतो. शाफ्ट तेवढा पिळाने थकत जातो, आणि थकलेले पोलाद मोडण्यापूर्वी आवाज देईलच असे नाही.

बसवण्याचे काम दिसते तितके अवघड नाही. अनेक अमेरिकन व्ही-आठ इंजिनांत डँपर दाबून बसवलेला असतो, ओढून काढायला पुलर लागतो. कमिन्सच्या या इंजिनात तो चार बोल्टांवर असतो. बॅटरी सोडवायची, इंजिन थंड होऊ द्यायचे, ताण देणारी पुली मागे रेटून पट्टा उतरवायचा, शाफ्ट फिरू नये म्हणून अडवून धरायचा आणि चार बोल्ट काढायचे. वजन अचानक हातात येते, खाली पाय नसावा. मग शाफ्टचे तोंड आणि नव्या डँपरची बैठक निर्मळ पुसायची. गंजाचा किंवा रंगाचा पापुद्रा राहिला तर डँपर तिरका बसतो आणि लडबडतो. नंतरच्या काही वर्षांच्या गाड्यांत इंजिनाचा वेग मोजणारा सेन्सर डँपरच्या कडेच्या खाचा वाचतो. तिथे नव्या डँपरला तशा खाचा आहेत का, सेन्सरपासूनचे अंतर योग्य आहे का, हे बोल्ट कसण्याआधी पाहायचे. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पाना लावून, पुस्तिकेतल्या आकड्यावर. हाताच्या अंदाजाला इथे वाव नाही.

एक पथ्य मात्र कडक. सिलिकॉनच्या डँपरला हातोडी लावायची नाही. बसत नाही म्हणून लाकडी ठोकळा ठेवून हळूच ठोकले तरी कवचाला पोचा पडू शकतो. आतली फट इतकी बारीक की पोच्याखाली कडे अडकते. अडकलेले कडे असलेला डँपर म्हणजे शाफ्टच्या टोकाला पक्के बांधलेले मृत वजन. ते पीळ तर मारत नाहीच, उलट शाफ्टची लय खाली आणून धोक्याची पायरी जवळ ओढते. खूप वर्षांनी आतले सिलिकॉन तापून तापून घट्ट झाले तरी हीच गत होते. म्हणजे हाही अमर नाही. त्याची तपासणी करताना कवचाची जाडी चार ठिकाणी मोजायची, कुठे फुगले आहे का पाहायचे, कडेने तेल पाझरल्याची खूण शोधायची.

रबरी डँपरची तपासणी याहून सोपी. कारखान्याने तुंबा आणि बाहेरचे कडे या दोहोंवर मिळून एक सरळ रेघ कोरलेली असते. रबराची पकड सुटली की कडे घसरते आणि रेघ तुटते; दीड मिलिमीटरच्या आसपास सरकली तरी कमिन्सच्या पुस्तिकेप्रमाणे डँपर बदलायचा. ही रेघ मी पाहिली ती अमेरिकेत नव्हे, सातारा रस्त्यावरच्या एका ट्रक गॅरेजात. फिटरने डिझेलच्या फडक्याने वर्षानुवर्षांची काजळी पुसली, बॅटरीचा झोत टाकला आणि बोट ठेवले. तुंब्यावरची अर्धी रेघ घड्याळातल्या बारावर होती, कड्यावरची अर्धी जवळजवळ एकवर. ट्रकचा मालक आमच्या मागे उभा राहून चहा पीत होता. "गाडी तर एकदम मक्खन चालतेय," तो म्हणाला. फिटरने मान वर न करता पोऱ्याला पुढच्या पुलीचा नंबर सांगितला आणि स्पेअर पार्टच्या दुकानात पिटाळले.